चाकाचा घोडा अन् दुसरीचा वर्ग

माय, तू गेल्याले लई वर्षं झाली, पण आजची गोष्ट तुलेच सांगावी वाटून राह्यली. कापूस वेचताना तू म्हणायची, बोंडाले हात लावायच्या आधी नीट पाह्य, काडीकचरा डोळ्यांनी वेच, मंग बोटांनी. मी घाईघाईत पाल्यासकट कापूस ओढला, की तुह्या तोंडाचा पट्टा सुरू, "डोळे काय घरी ठेवून आली?" तेच वेचणं मी आता दुसरीच्या पोराईले शिकवून राह्यली. दर शुक्रवारी एक तास, फक्त बोंडाच्या जागी चित्र असते. तेही सपनात पाह्यल्यासारखं, जगात कुठंच न दिसणारं.

आमच्या हेडमास्तराईले हे पटत नव्हतं. ते म्हणाले, एक शुक्रवार बसून पाहतो, पोराईले काही दिसलं नाही तर हा तास पाढ्यांचा. आज ते मागं खुर्ची टाकून बसले. मी चित्र टांगलं. बैठकीच्या खोलीत घोडा उभा, पायांच्या जागी चाकं, छताखाली ढग. वाटलं, पोरं दचकतील. कायचं दचकतात! तान्ह्या पोळ्याले लाकडी बैल ओढत गावभर फिरणारी पोरं ती. आमच्या बैलालेही चाकंच हायेत मॅडम, म्हणून सगळी मोकळी झाली. हेडमास्तर घड्याळ पाहू लागले. तरी मी काही समजावलं नाही. अजून पाहा, एवढंच म्हटलं. मंग एक पोरगी, जी हजेरीलेही नुसती मान हलवते, उठून चित्रापाशी गेली. नाक टेकेपर्यंत वाकून तिनं पाह्यलं.

"चाकं हायेत, पण दोरी नाही," ती म्हणाली. "मंग याले घरात ओढून आणलं कोणं?"

मंग काय, वर्गात जत्राच भरली. एक म्हणे ढगानं आणलं. दुसरा म्हणे, घोडा आधीच होता, घर मंग बांधलं. हेडमास्तर चष्मा पुसत पुढं आले अन् पोराईशीच भांडू लागले, की चित्रातलं दार तर घोड्याहून लहान हाये. घंटा झाली ते कोणाले ऐकूच आलं नाही. जाताना त्याईनं विचारलं, पुढच्या शुक्रवारी कोणतं चित्र? माय, इतका आनंद झाला मले, की घरी येईपर्यंत एकटीच हसत होती.

ही चिठ्ठी टाकायले पत्ता नाही, म्हणून बिनधास्त सांगून राह्यली. ते चित्र मी कितीदा पाह्यलं असन, पण घोड्याले दोरी नाही, हे मले आजवर दिसलं नव्हतं.