नकोशीने वळलेला नाडा

मी गेणबा रावजी खुडे, वय अदमासे बासष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा दोर वळण्याचा, राहणार बारामती, कालव्याच्या कडेची वस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि खरे सांगायचे तर भलत्याच आनंदात करून ठेवतो. मला ताप नाही, खोकला नाही. घाई मरायची नाही, लिहायची आहे. बोलणे माझे, अक्षर माझा मुलगा शमुवेल याचे. तो इंदापूरला मिशनच्या शाळेत मास्तर आहे. सांगेन ते सगळे लिहायचे, गाळायचे नाही, अशी त्याला तंबी दिली आहे.

कलम १. दोन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द. त्यात सगळे शमुवेलला दिले होते आणि मुलगी नकोशी हिला निजायला एक कोपरा. ती चौथी मुलगी, म्हणून आजीने हे नाव ठेवले. नवऱ्याने टाकल्यापासून आठ वर्षे ती माझ्याकडेच आहे. दोराचा धंदा मोडला तर तिला लोकांच्या उसात खुरपायला जावे लागेल, हे तेव्हाही मला दिसत होते. तरी मी सही ठोकली.

कलम २. रद्द का, ते ऐका. परवा बुधवारी काटेवाडीला बागाईतदार आप्पासाहेबांच्या जुन्या विहिरीचे खोदकाम चालले होते. विहीर सात पुरुष खोल. दरड ढासळली आणि झुंबर नावाचा गडी कमरेपर्यंत गाळात रुतला. बाजारातून आणलेला गिरणीचा नवा दोर खाली सोडला, तो तुटला. मग मोटेचा नाडा, म्हणजे बैल मोट ओढतात तो जाड दोर, काढून सोडला, झुंबरने तो काखेखालून बांधून घेतला, आठ जणांनी ओढला, आणि झुंबर वर आला! चार लेकरांचा बाप सगळ्या हाडांनिशी वर आला! सांजच्याला आप्पासाहेब छकडा जुंपून स्वतः माझ्या अंगणात. जन्मभर मला गेण्या म्हणणारा माणूस म्हणतो, "गेणबा, तुमच्या नाड्यानं माणूस वाचला बगा."

मी छाती फुगवून म्हणालो, "आमचा पीळच तसा हाय, आप्पासाहेब."

तेवढ्यात मागून नकोशी म्हणाली, "आबा, त्यो नाडा म्या वळलाय. तुमी तापात व्हता तवा."

आप्पासाहेबांना हसू आवरेना. मी फुगवलेली छाती आत घेतली.

कलम ३. माझी चूक मीच नोंदवतो. पीळ चालू असताना बाईने दोर ओलांडला तर दोर दगा देतो, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या समजूत. बाप्तिस्मा घेतला, घरातले देवांचे टाक कऱ्हा नदीत सोडले, पण ही समजूत काही सोडली नाही. तीस वर्षे उपासनेला पहिल्या रांगेत बसलो आणि घरी पोरीला दोरापासून हाकलत राहिलो. माझी बायको ठमाबाई, आता प्रभूत विसावली आहे, ती विचारायची, "तुमचा द्येव पोरीच्या पायाला भितो व्हय?" मी तिच्यावर ओरडायचो. ठमाबाई, तू जिंकलीस.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्याचे नाही. शमुवेल म्हणतो, "आबा, मृत्युपत्रात उपदेश बसत न्हाय." मी म्हणतो, बसव. ख्रिस्ती झाल्यावर मला वाटले, दोर वळणे म्हणजे जुना कलंक. सात वर्षे ते सोडून मिशनच्या बंगल्याचे फाटक उघडत बसलो आणि त्याला देवाची सेवा समजलो. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला कान धरून परत पाठवले. म्हणाले, प्रभूने तीस वर्षांचा होईपर्यंत सुतारकी केली, त्याने केलेले जू बैलाच्या मानेला टोचत नसणार. तेव्हापासून मी चोख दोर वळले. पण का? तर ख्रिस्ती माणसाच्या मालाला कोणी नाव ठेवू नये म्हणून. म्हणजे माझ्याच मिशीला पीळ! नकोशीला विचारले, तू वळताना काय मनात आणलेस? म्हणाली, "मोटंवर मानूस आसतंय, बैल आसत्यात. त्यांचंच ध्यान आलं." एवढेच! बासष्ट वर्षे घालवून मला जे कळले नाही, ते ही पोर घायपाताचा वाख विंचरता विंचरता शिकली. काल दिवसभर मी हे वस्तीत सांगत फिरलो. लोक म्हणाले, गेणबाला ऊन लागले.

कलम ५. घराच्या मागची दोर वळायची जागा, पीळ देण्याचा फिरता आकडा, वाख विंचरायची फणी आणि भिजत टाकलेले सगळे घायपात नकोशीचे. राहते घर शमुवेलचे.

शमुवेल लिहिता लिहिता थांबला आहे. म्हणतो, "आबा, आकडा घराच्या ओसरीतल्या खांबाला हाय. नाड्याला नव्वद हात सरळ लागत्यात. घर माझं आन्‌ जागा तिची केली तर साठच ऱ्हातील. साठात कासरं व्हत्यात, दावी व्हत्यात, नाडा व्हत न्हाय."

खरे आहे. पण एकुलत्या एका मुलाला बापाने घराबाहेर काढले, असे मला मेल्यावर ऐकायचे नाही. भावाबहिणीने समजुतीने घ्यावे. उद्या त्याची बायको खांब काढा म्हणाली तर काय, याला माझ्याजवळ तोड नाही. घर शमुवेलचेच लिही.

कलम ६. आप्पासाहेबांविरुद्धची तक्रार. मी बलुते सोडले, खळ्यावर पदर पसरणार नाही, दोर विकत घ्या म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "माजला." चार वर्षे माझ्याकडून दावेसुद्धा घेतले नाही, मग गरज पडली तेव्हा पुन्हा घेऊ लागले. माझे नाडे त्यांच्या विहिरीत उतरायचे आणि मला पाणी मात्र वरून ओतायचे. ही तक्रार मी मुलांना वारशात देणार होतो. परवा ते माझ्या माठातले पाणी प्यायले. तक्रार रद्द.

कलम ७. वर लिहिलेल्यातले कोणाला काही घेता आले नाही, तर ते आणि बाकीचे उरलेसुरले नकोशीचे. वकिली कागदात असे कलम लागते, असे शमुवेल म्हणतो. तो शिकलेला आहे, असू दे.

मला पुरताना रडारड नको. नकोशीने त्या दिवशी काम बंद ठेवू नये, कोणाची मोट खोळंबलेली असेल.

हे मला वाचून दाखवले, पटले, म्हणून आनंदाने सही करतो. बारामती, शुक्रवार, तारीख १४ मे १९३७.

गेणबा रावजी खुडे

साक्षीदार पहिला: सावळाराम, वकिलांचा कारकून, बारामती. गेणबांनी माझ्यासमोर सही केली. दुसरे साक्षीदार आप्पासाहेब यायचे होते, पण पाटाला पाणी सुटले आणि ते उसात गेले. शमुवेलने मीच सही करतो म्हणून टाक उचलला. मी त्याला गेणबांच्या देखत बजावले की साक्षीदार होणाऱ्याला मृत्युपत्रातले काहीही मिळत नाही, कायदाच तसा आहे, सही केलीस की कलम ७ प्रमाणे घर नकोशीचे. तो म्हणाला, "ठाऊक हाय, तात्या. कुठं करू?"

साक्षीदार दुसरा: शमुवेल गेणबा खुडे, शिक्षक, इंदापूर.