दोघांची बोट

४ एप्रिल, रविवार

परत चपलाच राखल्या!

संध्याकाळ झाली तरी बागेतल्या बाकावर टेकवत नव्हतं, एवढा तापलेला. पण घरात बसून उकडून निघण्यापेक्षा तळ्यावर बरं, असं मुलाचं म्हणणं. तळ्याकडे बघून कोणाला गार वाटत असेल तर वाटो. मी सतरंजीवर बसून सगळ्यांच्या चपला, पिशव्या, कापलेलं कलिंगड आणि त्यावरच्या माश्या सांभाळल्या.

बोटी दोघांच्याच. सायकलीसारख्या पायाने चालवायच्या. एकीत मुलगा आणि सून. दुसरीत हे आणि आमची नात, ठेंगू. वीतभर पोर, तिचे पाय कुठले पोचतात! सगळी बोट म्हाताऱ्याने एकट्याने हाकायची आणि ही राणीसारखी बसणार – इकडे चला, तिकडे चला.

लांबून दिसत होतं, हे तोंड उघडून हसत होते. एवढं मोठं तोंड आमच्या लग्नातसुद्धा उघडलं नव्हतं.

५ एप्रिल

ह्यांच्या पोटऱ्या दुखतात. तेल चोळून दे म्हणाले. म्हटलं, सांगा की तुमच्या राणीला.

८ एप्रिल, गुरुवार

सूनबाई म्हणते, "आई, ठेंगूमुळे बाबा किती बदललेत, बघितलंत ना?"

बघते तर! डोळे फुटले नाहीत माझे अजून.

लग्न झालं तेव्हा बाजाराला आम्ही ह्याच तळ्यावरून जायचो. मी एकदा म्हटलं, बसू या का बोटीत? तर म्हणाले, "पाण्यात काय ठेवलंय?" पुढे कितीदा तरी विचारलं. दर वेळी तेच – पाण्यात काय ठेवलंय. मग सोडलं विचारायचं. माणसाने तोंड वेंगाडायचं तरी किती! आणि आता पोरीने नुसतं "आजोबा" म्हणायचा अवकाश, हे लागले पॅन्ट दुमडायला.

स्वतःच्या नातीवर जळते मी. लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही.

११ एप्रिल, रविवार

आज मुद्दाम ठेवणीतलं नेसून गेले. तिकिटाच्या खिडकीपाशी ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "मुलगा-सून जोडीने बसतात. बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

हे म्हणाले, "तुझे गुडघे."

गुडघे! बाजारातून जड पिशव्या आणायला चालतात माझे गुडघे. बोटीतच काय ते चालत नाहीत!

ठेंगू एकटीच बोटीत चढायला निघाली तर बोटवाला ओरडला, "ए, लहान पोरांबरोबर मोठं माणूस लागतं!" झालं. हे चढले की लगेच. मी बसले सतरंजीवर, ठेवणीतलं नेसून, चपलांच्या शेजारी.

१३ एप्रिल

भाजीत मीठ घातलं नाही. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली. एक शब्द नाही!

१८ एप्रिल, रविवार

डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. वाटलं, कोणीतरी म्हणेल, मग आज राहू दे. मुलगा म्हणाला, "आराम कर आई." सूनबाईने पंखा मोठा करून दिला. हे दारातून म्हणाले, "लवकर येतो." आणि गेले की!

पंखा नुसती गरम हवा फेकत होता. नसलेली डोकेदुखी खरंच सुरू झाली.

अंधार पडल्यावर आले. ठेंगू ह्यांच्या खांद्यावर झोपलेली. मला विचारलं, "बरं वाटतंय का?" मी कूस बदलली.

२१ एप्रिल, बुधवार

आज ठेंगूला न्हाणीघरात गाठलं. अंगाला साबण, पळून जाते कुठे! म्हटलं, "रविवारी तुझी जागा मला दे. तू बस आईबरोबर. दोन आइस्क्रीम देते."

"नको."

"बरं, तीन."

"नको गं आजी! मग आजोबांचा हात कोण धरणार?"

"कशाला धरायचा?"

"ते घाबरतात ना! डोळे मिटून बसतात. मला म्हणतात, काठ आला की सांग."

"चल, खोटारडी. हसत असतात, मी बघते ना."

"हसत नाहीत काही. ओरडत असतात." मग जीभ चावली. "तुला सांगायचं नव्हतं. आजीला मुळीच सांगू नको म्हणाले. मला एकटीला बसू देत नाहीत ना, म्हणून येतात ते."

मी तिच्या डोक्यावर तांब्या ओतला. तांब्यामागून तांब्या.

तळ्यात पाणी कमरेएवढं! बुडायचं ठरवलं तरी आधी आडवं पडावं लागेल.

आणि मी इतकी वर्षं धरून बसले की माझ्याबरोबर चारचौघांत दिसायची ह्यांना लाज वाटते.

ह्यांना काही बोलले नाही. रात्री पोटऱ्यांना तेल चोळून दिलं, जरा जोरातच.

जळणं काही थांबलं नाही. उलट वाढलं. भ्यायचं होतं तर माझ्याजवळ भ्यायचं. काल जन्मलेल्या पोरीला माहीत आणि मला नाही?

२५ एप्रिल, रविवार

तिकिटाच्या खिडकीपाशी, सगळ्यांच्या देखत, ह्यांचा हात धरला. म्हटलं, "मला पाण्याची फार भीती वाटते हो. हात सोडणार नसाल तरच बसते."

ह्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "मी आहे ना."

ठेंगू आईबरोबर बसली. बोट सरळ जायला मधला दांडा धरावा लागतो म्हणे. ह्यांनी धरला नाही, मीही धरला नाही. तळ्याच्या मधोमध जागच्या जागी गोल गोल फिरत होतो. काठावरून मुलगा बोंबलत होता – "आई, दांडा! अगं, दांडा धर!"

कशाने धरू?