यादीतलं नाव

१२ फेब्रुवारी २००६
लग्नसराई. निर्णा गावची पार्टी आमच्याकडं छापलेली लग्नपत्रिका परत घेऊन आली. मराठी आणि कन्नड एका ओळीत आलं की कन्नड जोडाक्षरांचा खालचा भाग कापला जातोय. नेमकं नवरीच्या आजोबांचं नाव तुटलेलं. "आमच्या म्हाताऱ्याचे पाय तोडलाव की वो!" सगळे हसले, मला घाम. अण्णा नेहमीसारखा म्हणाला, "सुवर्णा, तू बग." दुकान भावाचं, बघायचं बहिणीनं.

१९ फेब्रुवारी
पत्रिकेचा मजकूर जुळवायचा हा प्रोग्राम फुकटचा. त्याचं आतलं लिखाण कुणीही उघडून वाचावं, दुरुस्त करून पाठवावं, पटलं तर ते घेतात. पॉलिटेक्निकात शिकलेली सी भाषा तीन वर्षं गंजत पडली होती, आज कामाला आली. ओळीची उंची पहिल्या लिपीवरून ठरते. आमच्याकडं मराठी पहिली, मग कन्नडच्या लोंबत्या अक्षरांना जागा कुठली? अकरा ओळी बदलल्या. जेवायचं विसरले.

२६ फेब्रु.
दुरुस्ती पाठवली. ईमेल दुकानाचा, म्हणजे अण्णाचा. नावाच्या रकान्यातही मीच अण्णाचं नाव लिहिलं, 'शिवराज'. कुणी सांगितलं नव्हतं! लग्नपत्रिका छापून छापून हाताला वळणच पडलंय. राबणारे कुणी का असेनात, निमंत्रक घरातला मोठा. वडील, म्हणजे अप्पा, गावाकडं मुडबीला शेतात, तेव्हा इथं बीदरात, नौबादच्या दुकानी मोठा म्हणजे अण्णा.

५ मार्च
घेतली! हा प्रोग्राम सांभाळणारा योहान जर्मनीत असतो. "प्रिय शिवराज, फार नेटकं काम." दिवसभर एकटीच हसत होते. अण्णानं विचारलं, "कामून हसायलीस?" दाखवलं. तोही खूश.

१४ ऑगस्ट
आतापर्यंत चौदा दुरुस्त्या. प्रोग्रामसोबत कामकऱ्यांची यादी येते, तीत 'शिवराज, बीदर'. कुणीतरी ती पाहिली, बातमी छापून आली, आज समाजाच्या हॉलमध्ये सत्कार. शाल, हार, फोटो. अण्णानं 'शरणु शरणार्थी' असा नमस्कार करून सुरुवात केली आणि पुढं भाषणाचा कागद वाचला. कागद मीच लिहिलेला. त्यात स्वतःचं नाव घालायला माझीच बोटं लाजली होती. वाटलं, तो आपणहून माझं नाव घेईल. मी बायकांत बसून टाळ्या वाजवल्या.

३ फेब्रुवारी २००७
बेंगळूरच्या एका कंपनीचा ईमेल. यादीतलं काम पाहिलंय, असल्याच कामाची नोकरी आहे, मुलाखतीला या. शिवराजला!
अण्णाला म्हटलं, एकच ओळ लिही, काम बहिणीनं केलंय.
"लिवतो की. घाई कामून करायलीस?"

११ फेब्रु.
लिहिलं नाही.

१८ फेब्रु.
आज तोंडावरच विचारलं.
"शाल घेतलो की मी, चारचौघांत. आता माजं काम न्हाई म्हनून सांगत फिरू व्हय?"
"मग माझं काय?"
"घरचंच नाव हाय की. तुला काय कमी केलो?"
काही कमी केलं नाही, हेच तर. अप्पा नको म्हणत असताना पॉलिटेक्निकात यानंच घातलं, फीला स्वतः रांगेत उभा राहिला. त्यामुळं धड भांडताही येईना. पण राग यायचा तो येतोच. भयंकर येतो.

२ मार्च
कंपनीनं पुन्हा विचारलं. 'घरच्या अडचणीमुळं येता येत नाही' असं कळवायचं अण्णानं ठरवलं. मला म्हणाला, "इंग्रजी तूच नीट लिवतीस." आणि मी लिहून दिलं! नाही म्हटलं असतं तर त्यानं दोन बोटांनी बडवून चुकांचं पत्र पाठवलं असतं, आणि माझ्या कामाची अब्रू गेली असती. काम माझं, अब्रू माझी, नाव तेवढं त्याचं.

११ मार्च
योहानला सगळं कळवावं असं फार वाटतं. पण गावात अण्णाची छीथू होईल, ती बघवणार नाही. पुन्हा पहिल्यापासून करीन. स्वतःचा ईमेल उघडला. एक नवी दुरुस्ती, सगळ्यांत अवघड, पाठवली. नावाच्या रकान्यात 'सुवर्णा, बीदर'. दोनदा वाचून पाहिलं.

१६ मार्च
योहानचं उत्तर. स्वागत वगैरे. "तुम्ही नवीन आहात. तुमच्याच गावचे शिवराज आमचे जाणते सहकारी. त्यांनी तपासून ठीक म्हटलं की घेऊ."
दुपारी दुकानाच्या ईमेलवर ती तपासायला आलीच. अण्णानं पाहिली, खाली नाव वाचलं. मग खुर्ची सोडून उठला.
"बस. ठीक हाय म्हनून लिव, माज्या नावानं. मग तर झालं?"
चेहरा असा की मोठे उपकार करतोय. कदाचित खरंच तसं वाटत असेल त्याला.
गिऱ्हाईक आलं म्हणून तो पुढं गेलाय. उत्तराचा रकाना समोर उघडा आहे. खाली 'आपला, शिवराज' आपोआप उमटतं. ते खोडलंय. अजून दुसरं काही लिहिलेलं नाही.