कानबाईच्या फाईलीतले काळे शंकरपाळे

२ जुलै, बुधवार
वैशालीने तिच्या कंपनीतला जुना लॅपटॉप आणून दिला. सुरतेबाहेर इच्छापोरच्या त्यांच्या ऑफिसात नवे आले म्हणून जुने वाटून टाकले. लेकीचं म्हणणं, पप्पा, आता मम्मीची गाणी काढा. श्रावणात बसवतात ती आमची खानदेशी देवी, कानबाई, महिन्यावर आलीय. आपल्याकडे यंदा बसवायची नाही, सु. जाऊन वर्ष व्हायचंय. पण सु.च्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे बसेल, आणि तिथल्या नव्या सुनांना एक ओळ धड येत नाही. मोबाईलवर पाठवली तर वाचून म्हणतील.
पेन ड्राइव्ह सु.च्या बांगड्यांच्या डब्यात निघाला. तिनेच जपून ठेवलेला.
नव्या एडिटरात फाईल उघडली. एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरांचा चिवडा, आणि मधे मधे काळे शंकरपाळे, प्रत्येकाच्या पोटात प्रश्नचिन्ह. घाबरलो नाही. सव्वीस वर्षं लग्नपत्रिका कंपोज केल्या, जुना फाँट नसला की असंच दिसतं. वर फक्त मथळा टाकला, ‘कानबाईची गाणी – सांगणार सुशीला’. नव्या कीबोर्डवर एवढ्याला पाव तास लागला. सेव्ह केलं. बरं वाटलं.

४ जुलै, शुक्रवार
दिवसभर कीबोर्डशी मारामारी. लॅपटॉपात मराठीचे तीन प्रकार. एकात इंग्रजीत ‘का’ लिहा की मराठी ‘का’ उमटतो. म्हणजे मराठी लिहायचं तर आधी इंग्रजीत विचार करा. दुसरा सरकारी, त्यात माझ्या एकाही बोटाला घर सापडत नाही. तिसरा जुन्या टाईपरायटरसारखा. तो बसवला, पण ळ आणि ज्ञ यांनी जागा बदलल्यात. बोट सवयीने जातं आणि भलतंच उमटतं. तीन वेळा उठून पाणी पिऊन आलो.
गुडघा दुखतोय. वै.ला सांगितलं नाही.

६ जुलै, रविवार
प्रेसमधल्या जुन्या दोस्ताने फाँट पाठवला. एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लावला. आणि काय सांगू, अक्षरं उठून बसली. ‘कानबाई’, ‘माय’, ‘रोट’ दिसलं. डोळे भरून आले, उगाच लपवत नाही.
पण शंकरपाळे तसेच. दर ओळीत पाच-सहा. फाँट बदलला, आकार बदलला, बंद करून चालू केलं. हलत नाहीत. वै.ला संध्याकाळी बघायला सांगितलंय.
संध्याकाळी ती दमून आली, जेवली, झोपली. उद्या बघू.

८ जुलै, मंगळवार
वै.ने बघितलं. फाईल बंद करून पुन्हा उघडली. मग विचारलं, ‘पप्पा, तुम्ही सेव्ह केलं होतं?’
हो म्हणालो. मथळा टाकला ना.
‘कॉपी काढून ठेवली होती ना पहिले?’
नाही.
तिने समजावलं, मला समजेल अशा बेताने. आमच्या वेळी मराठी अक्षराला स्वतःचा नंबर नव्हता. इंग्रजी अक्षरांचे नंबर उसने घ्यायचे आणि त्यांवर मराठी चित्रं चढवायची. एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. नवा एडिटर न विचारता समजतो की फाईल युनिकोडमध्ये आहे. खालचे सव्वाशेक नंबर जुन्या फाईलीचे आणि युनिकोडचे सारखे, ते वाचले. वरचे नंबर त्याला कळले नाहीत, तिथे त्याने शंकरपाळे दाखवले. तोवरही काही बिघडलं नव्हतं. सेव्ह दाबलं तेव्हा त्याने खरे नंबर पुसून शंकरपाळेच लिहून टाकले. ज कुठला, श कुठला, अनुस्वार कुठला, सगळ्यांना आता एकच नंबर.
उघडताना वर एन्कोडिंग बदलायची सोय होती. एक क्लिक. मी मथळ्याच्या नादात.
वै. म्हणाली, असू द्या पप्पा. तिचा आवाज सु.सारखा झाला होता, भाजी करपली तरी ‘असू द्या’ म्हणायची तसा.
जेवलो नाही.

११ जुलै, शुक्रवार
पुसलेली फाईल परत आणायची तीन सॉफ्टवेअरं वै.ने चालवली. माझ्या जुन्या पत्रिका परत आल्या, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण आलं. गाणी आली ती शंकरपाळ्यांसकट.

१४ जुलै, सोमवार
उधन्याला प्रेसवर गेलो. मी सोडल्यापासून पायरी चढलो नव्हतो. शेठचा मुलगा बसतो आता. चहा मागवला, माणूस वाईट नाही. माझ्या मशीनबद्दल विचारलं. ‘मधुभाई, ए तो क्यारनुं भंगारमां गयुं.’ हार्ड डिस्क? तीही. जुनं काही सामान पलसाण्याच्या गोडाऊनला पडलंय, शोधायला सांगतो म्हणाला. सांगेल की नाही देव जाणे.
माझ्या जागेवर आता एक मुलगी बसते. मोबाईलवर बोलते आणि अक्षरं आपोआप पडतात. बघवेना. निघालो.

१६ जुलै, बुधवार
मनात घोळतंय ते लिहूनच टाकतो.
वै.ने सहज विचारलं, तुम्हीच टाईप केलंय ना, मग आठवून भरा की.
मला एक ओळ आठवत नाही. एकसुद्धा.
कंपोझिटर मजकूर वाचत नाही. वाचला तर हात मंदावतो आणि चुका होतात. डोळ्यातून बोटात, किंवा कानातून बोटात. मधे डोकं लागत नाही. हाताखालच्या पोरींना मी हेच शिकवलं, अभिमानाने. कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं, संध्याकाळी विचारलं तर सांगता यायचं नाही. माझी चूक निघत नाही असं शेठ चार लोकांत सांगायचा.
सु. रविवारी दुपारी डबा घेऊन प्रेसवर यायची. मशीनं बंद असायची. कागदाच्या रिमांवर बसून गाणं सांगायची, चाल सोडून, नुसते शब्द. मी एकच बोलायचो, ‘पुढं’. असे सहा-सात रविवार. एकदा म्हणाली, ‘तुमनं ध्यान बोटेसमा शे, मन्हामा नही.’ मी म्हणालो, पुढं.
हे तेवढं कसं आठवतं? कारण ते टाईप करायचं नव्हतं.

१७ जुलै, गुरुवार
छापूनही दिलं नाही कधी. सगळी गाणी पुरी होऊ दे, मग छान पुस्तिका काढू म्हणालो होतो. सुरतेत निम्म्या खानदेशी लग्नांच्या पत्रिका माझ्या हातून गेल्या. बायकोसाठी एक प्रिंट काढली नाही. तिने मागितलीही नाही, पेन ड्राइव्ह तेवढा मागून घेतला.

२० जुलै, रविवार
वै. मला भेस्तानला अक्काकडे घेऊन गेली. लॅपटॉप मांडीवर. मी ओळ वाचायची, शंकरपाळा आला की थांबायचं, अक्काने चालीवर म्हणून तो भरायचा. अक्काला वाचता येत नाही, पण चाल धरली की शब्द येतो. पहिली चार गाणी जवळपास पुरी झाली.
काही ठिकाणी अक्काचा शब्द बसत नाही. जागा तीन अक्षरांची, तिचा शब्द पाचाचा. म्हणाली, ती मन्हा मागून शिकनी, पन सोतानंच म्हने. वै. म्हणाली, अक्काचं टाका. मी टाकलं. आतून आवडलं नाही.
मग सातवं गाणं. अक्का हसायला लागली. मला कळेना. तिने सांगितलं ते असं, की हे नाव घ्यायचं गाणं. कानबाईपुढे प्रत्येक बाई आपापल्या नवऱ्याचं नाव घेते आणि त्याच्याबद्दल एक ओळ स्वतःची जोडते. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, त्या दिवशी मुभा असते. नवरे बाहेर बसलेले, त्यांना ऐकू जात नाही.
‘दाजी, ती तुमनं नाव ले. तुमले माहीत नही का?’
नाही, अक्का.
‘काय म्हने ते माले आते याद नही. बठ्या बाया हासन्यात, तेवढं याद शे.’
खाली सरकवलं. आहे. ‘मधुकर’. चारही अक्षरं धड, एकाला धक्का नाही. त्यापुढे एक ‘त’, एक ‘रा’, बाकी शंकरपाळे. ओळ संपली.
म्हणजे माझ्यासमोर रिमांवर बसून तिने माझं नाव घेतलं. आयुष्यात कधी नाव घेऊन हाक मारली नाही तिने, आणि तेव्हा घेतलं. मी माझंच नाव टाईप केलं, मान वर न करता. आणि म्हणालो असणार, पुढं.

२३ जुलै, बुधवार
दोन दिवस ती एकच ओळ. टाईपरायटरचा कीबोर्ड लावला, डोळे मिटले, ‘मधुकर’ लिहिलं आणि बोटं कुठे जातात ते बघत बसलो. बोटं ‘यांचे’वर गेली. मधुकर यांचे सुपुत्र. पत्रिका.
स्वतःची शिसारी आली.

२६ जुलै, शनिवार
वै. म्हणते, मी काहीतरी छान टाकू का? ‘त’ आणि ‘रा’ बसवून होईल. तिने एक करूनही दाखवली. मी कष्टाळू, मी प्रेमळ वगैरे. पोरीला वाटतं मला तेच ऐकायचंय.
ओरडलो तिच्यावर. विनाकारण. ती गुजरातीत काहीतरी पुटपुटून आत गेली. नंतर मी माफी मागितली. ती म्हणाली, मला पण मम्मीचं काहीतरी पुरं हवंय, पप्पा.
पलसाण्याहून निरोप नाही. फोन केला, उचलला नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
सगळं युनिकोडमध्ये आलं. नवा फाँट, मोबाईलवर कुठेही दिसेल. अकरा गाणी. त्या ओळीत ‘मधुकर’ आणि पुढे टिंबं. वै.ने ग्रुपवर पाठवलं. बायांनी अंगठे पाठवले. मूळ फाईलच्या तीन कॉप्या काढून ठेवल्या, आता.

३ ऑगस्ट, रविवार
अक्काकडे कानबाई. दुपारीच गेलो. नैवेद्याच्या रोटांचा वास जिन्यापर्यंत. पुरुष खाली खुर्च्या टाकून बसले. मला गुडघ्याचं निमित्त मिळालं, वरच दाराशी बसलो. कुणी हटकलं नाही, बायको गेलेल्या माणसाला हटकत नाहीत.
सुना मोबाईल धरून म्हणत होत्या, म्हाताऱ्या तशाच. संध्याकाळी नाव घ्यायचं गाणं आलं. अक्काने सुरू केलं. मग एकेक.
एकीचा नवरा लूमवर दोन पाळ्या करतो आणि घरी आला की मुका. एकीचा साडी आणायचं दहा वर्षं सांगतोय. एकीने म्हटलं, असाच सातही जन्म मिळो, पण जरा कमी घोरणारा. एका नव्या सुनेने फक्त नाव घेतलं आणि लाजून खाली बसली. मी प्रत्येक ओळ ऐकली. कान देऊन, शब्दन् शब्द. एकही टाईप करायची नव्हती. हे असंच ती म्हणाली असेल का, की ते तसं? ‘मुका’ हा शब्द सु.च्या ओळीत घालून बघितला.
सु.ची पाळी जिथे यायची तिथे अक्का क्षणभर थांबली, दाराकडे बघितलं, आणि पुढची बाई सुरू झाली.

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी विसर्जन. गेलो नाही, खिडकीतून वाजंत्री ऐकली. वै. गेली, ओल्या साडीने परत आली, चहा ठेवला.
पुस्तिका छापायची म्हणते, अक्काने पैसे काढलेत. त्या ओळीचं काय करू, विचारत होती. सांगतो म्हणालो. सांगितलं नाही अजून.
वीस तारखेपासून एकाच गोष्टीचा आधार होता, की ती ओळ ऐकून बाया हसल्या होत्या. हसल्या म्हणजे थट्टा असेल, माया असेल, फार वाईट नसेल. काल दाराशी बसून नीट ऐकलं. बाया प्रत्येकीच्याच ओळीला हसतात.