बाईसाहेबांची तब्येत

८ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला होता. शेजारच्या शिंपीणबाईंनी तो माझ्या कानाला लावला. मी हॅलो म्हणालो, तू काहीतरी बोललीस, मी परत हॅलो म्हणालो. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनीच फोन घेऊन मी बरा असल्याचं तुला सांगून टाकलं. जन्मभर ऐरणीपाशी उभ्या राहिलेल्या नालबंदाचे कान म्हातारपणी असा राजीनामा देणारच. मोबाईलवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, ती मला लागत नाही. तेव्हा पत्रच बरं. पत्रात तू मला मधेच तोडतही नाहीस.

इकडे विशेष काही नाही. भात्याचं कातडं वाळून फाटलं, ते शिवायचं मनात आहे, पण शिवून करायचं काय हा प्रश्न आहेच. मी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतो. कधी कोणी येतो तो सायकलचं पंक्चर काढता का म्हणून विचारायला. दिवसभरात माझं बोलणं होतं ते बाईसाहेबांशी. त्या कान हलवतात, मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं भांडण होत नाही.

बाईसाहेब हल्ली फार शिष्ट झाल्यात. तुझ्या आईनं लाडावून ठेवलेली घोडी, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे देऊन उभ्या असतात, आरामखुर्चीत रेलल्यासारख्या. वळायला सांगितलं की आधी विचार करतात. वय झालं, दुसरं काय. तुझी दवाखान्याची गाडी या बाजूला फिरकलीच तर बघून जा. मुद्दाम येऊ नकोस. तुला कामं असतात हे मला ठाऊक आहे.

कळावे. माया आहे तेवढी असू दे, जास्त झाली तर परत करणार नाही.
तुझा,
बाबा


१६ फेब्रुवारी
मुक्काम : गाडी, नदीकाठच्या पागेबाहेर

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आरामखुर्चीपर्यंत वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. बाबा, तुम्ही जन्मभर घोड्यांचे पाय मांडीवर घेतलेत. असा रेलून उभा राहणारा घोडा शिष्ट नसतो, त्याचे पुढचे खूर आतून पेटलेले असतात, हे मला तुम्हीच लहानपणी दाखवलं होतं. खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून बघा, नाडी उडत असेल. दाण्याची चंदी आजपासून बंद. ओलं गवत बंद, फक्त सुकं घाला. खाली पेंढा भरपूर टाका, आणि कृपा करून तिला फिरवायला नेऊ नका.

मला येता येणार नाही. घोड्या विण्याचा हंगाम ऐन भरात आहे आणि या पट्ट्यातल्या सगळ्या पागांना मिळून मी एकटी. काल एका पहिलटकरणीनं शिंगराला जवळ येऊ दिलं नाही. ते दूध शोधायला आलं की ही लाथ उचलायची. मी, पागेची निगा राखणारा मोतद्दार आणि मालक अशा तिघांनी सकाळभर तिला धरून ठेवलं. शेवटी शिंगरू प्यायलं, आणि मग ती वळून त्याला चाटायला लागली, जणू सकाळभर आम्हीच आडवे येत होतो. सगळे जेवायला आपापल्या घरी गेले. मी गाडीच्या मागच्या पायरीवर बसून पाव खाल्ला. तेव्हा लक्षात आलं, की गेले दोन दिवस मी माणसांशी ‘घट्ट धरा’ याखेरीज काही बोललेलेच नाही. आधी हसू आलं, मग नाही आलं.

आणि येता आलं असतं, तरी बाईसाहेबांना मी हात लावला नसता. घरच्या घोड्याला बाहेरचा नालबंद, हा नियम तुमचा. आपल्या जनावराला दुखेल म्हणून हात हलका पडतो, आणि हलक्या हातानं ठोकलेली नाल चालताना फिरते, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून तर तिला पुलापलीकडच्या त्या भांडकुदळ नालबंदाकडे न्यायचात आणि येताना त्याला शिव्या देत यायचात. मीही तोच नियम पाळते. माझ्याबरोबर शिकलेला लंबू डॉक्टर तुमच्या बाजूलाच असतो, त्याला पाठवते आहे. एक्स-रेचं यंत्र त्याच्या गाडीत आहे. तो सांगेल ते ऐका, म्हणजे त्याच्याकडून लिहून घ्या.

कळावे. आशीर्वाद रोज खर्च होतात, तेव्हा पाठवत राहा.
तुमची,
डॉक्टरीणबाई


२४ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा लंबू येऊन गेला. आल्या आल्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, जाताना पुन्हा आपटलं. मधल्या वेळात मात्र शहाण्यासारखा वागला. घोडीच्या जवळ जाताना आधी तिला स्वतःचा वास घेऊ दिला, मग पायांचे फोटो काढले, खुरांखाली मऊ गाद्या बांधल्या, औषध दिलं. मग माझ्यापुढे उभा राहून बराच वेळ काहीतरी सांगत होता. मी मान डोलावली. तेव्हा त्याला कळलं आणि त्यानं कागद मागितला. काय लिहिलं ते तो तुला सांगेलच.

पोरगा चांगला आहे. पण गाडी वळली तेव्हा तीही तुझ्या गाडीसारखी पांढरीच, आणि मला वाटलं तूच आलीस. मी दोन कप मांडून ठेवले होते. दुसरा त्याला दिला, तो संकोचानं उभ्यानंच प्यायला.

औषधानं बाईसाहेबांना उतार वाटतो. खातात. बराच वेळ बसून असतात, पण मी गेलो की मान वर करतात. तेव्हा घाई काही नाही. तुझा हंगाम संपू दे. तू आलीस की तूच बघ आणि तूच ठरव. नियमाचं म्हणशील, तर नियम मी केलेला आहे, मोडायचा अधिकारही माझाच आहे. शिंपीणबाई म्हणतात (म्हणजे लिहून दाखवतात) की लेकीला स्पष्ट लिहा. मी त्यांना म्हटलं, माझी लेक खुरावरून घोडा ओळखते, तिला काय स्पष्ट लिहायचं.

कळावे. आठवण काढतेस हे माहीत आहे, पण पत्रातून काढलीस तर मलाही कळेल.
तुझा,
बाबा


४ मार्च
मुक्काम : गाडी, टेकडीखालची पागा

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

लंबू आज इकडे औषधं घ्यायला आला आहे. समोर बसला आहे आणि बिचारा कुठेतरी दुसरीकडे बघतो आहे, कारण मला राग आलेला त्याला दिसतोय. राग त्याच्यावर नाही.

त्यानं फोटो दाखवले. तिच्या दोन्ही पुढच्या खुरांतलं हाड खाली सरकून तळव्याला आलं आहे. हे परत वर जात नाही, तुम्हाला माहीत आहे. तिला आता इंजेक्शन देऊन यातून सोडवावं, असं त्यानं तुम्हाला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, ‘मुलगी येईल, ती ठरवेल.’ परवा तो परत आला तेव्हा बाईसाहेब उठल्याच नाहीत. पडून पडून कोपरांना जखमा झाल्यात. त्या कागदाबद्दल एक अक्षर तुमच्या पत्रात नाही. त्यात बाईसाहेब ‘बसून असतात’ आणि मान वर करतात.

दुसऱ्या कुठल्या मालकानं असं केलं असतं, तर मी त्याच्या तबेल्यात उभी राहून काय काय बोलले असते ते लिहीत नाही. तुम्ही माझे वडील आहात.

पण मलाही स्पष्ट लिहायला हवं. मी आले तर कारणं शोधीन. आणखी आठवडाभर बघू, दुसरं औषध देऊ, असं म्हणेन. परक्या तबेल्यात मी असं कधीच म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या घरी यायचीच भीती वाटते. आई गेली तेव्हा मी आधी घरात आले नाही, मागच्या अंगणात गेले. बाईसाहेबांच्या मानेत तोंड खुपसून रडून घेतलं, तोंड धुतलं आणि मगच तुमच्यासमोर उभी राहिले. त्यानंतरही दर वेळी आधी तिकडेच. ती नसेल तर मला सरळ तुमच्यासमोर यावं लागेल, आणि तुम्हाला बघून काय बोलायचं हे मला अजून कळत नाही. हंगाम हे निमित्त खरं आहे, पण ते निमित्तच आहे.

हे पत्र लंबूच्याच हाती देते आहे. शनिवारी सकाळी तो सगळी तयारी घेऊन तुमच्याकडे येईल. तुम्ही हो म्हणालात तर तो करेल, आणि तो हे फार शांतपणे करतो, मी पाहिलं आहे. नाही म्हणालात तर त्याला तसं सांगा, मी इथलं टाकून येते. मग जे होईल ते होईल. फक्त तिला आणखी वाट बघायला लावू नका.

कळावे. रागावले आहे, पण तुमचीच आहे.
डॉक्टरीणबाई


१० मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

बाईसाहेब शनिवारी सकाळी गेल्या.

लंबूनं पत्र हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत तो बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी दोनदा वाचलं. मग त्याला हात करून आत बोलावलं. मी पेंढ्यात बसलो आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. खूर घ्यायची सवय, डोकं कसं धरायचं ते पटकन जमेना. त्यानं आधी तिला गुंगीचं दिलं, मग दुसरं. मला श्वास ऐकू येत नाही, म्हणून हात तिच्या बरगड्यांवर ठेवला. वर-खाली होत होता, मग हळूहळू थांबला. मी तरी हात काढला नाही. लंबूनं खांद्याला स्पर्श केला तेव्हा काढला. तिच्या पायांच्या गाद्या मीच सोडल्या.

तू रागावलीस ते बरोबर आहे. पण तू समजतेस त्याहून जास्त रागवायला हवंस. पहिलं पत्र लिहायच्या आधीच मी तिच्या खुरांना हात लावला होता, नाडीही पाहिली होती. आजाराचं नाव लिहिलं असतं तर तू औषध पाठवून दिलं असतंस. म्हणून नुसतं ती कशी उभी राहते तेवढं लिहिलं. म्हटलं, लेक वाचेल, ओळखेल आणि धावत येईल. तू ओळखलंस आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याला पाठवलंस. मीच शिकवलेलं, कोणाला दोष देऊ. मग मी तिला तशीच ठेवली. ती आहे तोवर तू येण्याची आशा आहे, असं धरून बसलो. एकटा मी पडलो होतो आणि उभं राहायला लावलं तिला. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की वाट बघणारा मी होतो आणि दुखत तिला होतं.

शिंपीणबाई त्या संध्याकाळी येऊन बसल्या. काल मी दिवसभर कोणाशीच बोललो नाही. तेही मला रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा कळलं.

तू आधी मागच्या अंगणात जायचीस, हे मला माहीत होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा असायचो. तुझं झाल्याशिवाय बाहेर यायचो नाही, आणि तू आत आलीस की गाडी कशी चालते म्हणून विचारायचो. मलाही दुसरं काही सुचायचं नाही. तेव्हा काय बोलायचं, याची काळजी तू करू नकोस. निम्मं तर मला ऐकूच येणार नाही.

कळावे. लोभाची मागणी आजवर चेष्टेत करत आलो, या वेळी तसं समजू नये.

इथे आता आजारी कोणी नाही. तपासायला, ठरवायला काही उरलेलं नाही. तरी ये.

तुझा,
बाबा