पागोट्याचा सातवा वेढा

रतनबंदर, चैत्र वद्य तृतीया

तीर्थस्वरूप जेठाभाई यांस धाकटी बहीण संतोक हिचा शि. सा. न. वि. वि.

दर्या राखणाऱ्या सिकोतरमातेच्या कृपेने इकडे ठीक. अक्षय्य तृतीयेला यांना आपल्या खारव्यांचं वाणोटपद मिळतंय, अख्ख्या दर्यावर्दी जमातीची पुढारकी. सातही गल्ल्यांच्या वडील तांडेलांनी एकेक वेढा दिला की पागोटं पुरं होतं. सातवी गल्ली इंजिनाच्या होड्या घेऊन वेरावळला गेली, तरी तिचा वेढा तिचाच आणि वडील तांडेल तुम्हीच. तेव्हा मेहुण्याच्या डोक्याला हात लावायला या. हे पागोट्यासाठी नवी मलमल आणायला निघाले होते. मी सासऱ्यांचंच धुऊन खळ घातली, डोकं काही वाढलेलं नाही म्हटलं. भाभींच्या गुडघ्यांना एरंडेल चोळावं. तुमची माया आहेच, ती घेऊन यावं.
संतोक

वेरावळ, चैत्र वद्य दशमी

चि. सौ. संतोकबेन हिस अ. उ. आ.

कागद वाचवायला इतकं बारीक लिहितेस की सुनेकडून वाचून घ्यावं लागलं. आमच्या वेलजींनी, होऊ घातलेल्या वाणोटसाहेबांनी, देवळात जाहीर केलं म्हणे, नारळी पुनवेआधी एकही होडी बाहेर पडणार नाही, इंजिनाचीसुद्धा. त्यांना सांग, शिडांचे दिवस गेले. आमची पोरं आषाढात दर्या निवळला की निघणार. हा हट्ट सोडत असतील तर येतो, नाहीतर सातवा वेढा मिळणार नाही. तू समजाव. घरात कुणाचं चालतं ते बंदराला ठाऊक आहे. राग धरू नकोस.
जेठाभाई

रतनबंदर, वैशाख शुद्ध पंचमी

ती. जेठाभाई यांस सा. न.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं होतं. जाळं विणता विणता म्हणाले, गेल्या आषाढात लखमणची होडी परतली नाही, ती जेठाभाईंच्याच गल्लीतली होती. पागोटं नसलं तरी चालेल, ते पुन्हा नको. समजाव म्हणालात, पण मी समजावणार नाही. लखमणच्या रामीच्या बांगड्या उतरवताना तिचे हात मी धरले होते.

परवा सहाच वेढे झाले. उरलेलं टोक खांद्यावर लोंबत राहिलं. रणछोडकाकांनी विचारलं, हे पागोटं की गाईचं दावं? हे म्हणाले, दावंच आहे काका, दुसरं टोक वेरावळला अडकलंय. तसेच घरोघर पाया पडून आले. मी ताट घेऊन मागे होते, मान खाली घातली नाही. भाभींना नमस्कार, तुमच्यावरही रुसवा नाही.
संतोक

वेरावळ, आषाढ वद्य द्वितीया

चि. सौ. संतोकबेन हिस अ. आ.

दर्या निवळला म्हणून होड्यांत बर्फ आणि डिझेल भरलं. खलाशी आले आणि धक्क्यावर फतकल मारून बसले. म्हणाले, वाणोटाचा नारळ पाण्यात पडल्याशिवाय होडीत पाय ठेवणार नाही. बरं, मग पुनवेला तरी चला म्हटलं, तर दाना खलाशी म्हणतो, अपुऱ्या पागोट्याचा नारळ दर्या घेत नाही, तांडेल होऊन एवढं विसरलात? खरंच विसरलो होतो. वेलजींना अडवायला गेलो आणि माझ्याच होड्या अडकल्या. तुला हे तेव्हाच माहीत असणार, लबाड. असो. पुनवेच्या आठ दिवस आधी नारळ सोडून निघू द्या, उद्याच येऊन वेढा देतो. ही माझी शेवटची घासाघीस समज आणि भावावर लोभ ठेव.
जेठाभाई

रतनबंदर, आषाढ वद्य अष्टमी

ती. जेठाभाई यांस सा. न.

माहीत होतं. लिहिलं असतं तर धमकी दिल्यासारखं झालं असतं. आता आठ दिवसांचं. हे म्हणाले, उत्तर तूच लिही. तर एक दिवसही नाही. पुनवेला हे अपुऱ्या पागोट्यानं काठावर उभे राहतील, नारळ माझ्या हातात असेल. तुम्ही नाही आलात तर सहा गल्ल्यांच्या होड्याही वाळूवर ओढलेल्याच राहतील आणि पहिली आमची. सगळ्यांना सांगून झालंय. शिव्या खाल्ल्या, त्याही पचल्या. बाजरी भरून ठेवली आहे, एक वेळ जेवू. मातेपुढे तुमच्या नावाचाही दिवा लावते.
संतोक

वेरावळ, श्रावण शुद्ध दशमी

चि. सौ. संतोकबेन हिस अ. आ.

तुझं पत्र सुनेनं ओट्यावर मोठ्यानं वाचलं, गल्लीनं ऐकलं. संध्याकाळी रामी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तुम्ही जात नसाल तर वेढा द्यायला मी जाते. मी म्हटलं, बाईमाणसानं पागोट्याला हात लावायचा नसतो, त्यातून तू अशी. तर म्हणते, लखमणला कुणी थांबवलं नाही, मला तरी कशाला थांबवता? मी मोटारीत दोन जागा सांगून आलो.

चतुर्दशीच्या मोटारीनं रामी आणि मी येतो. अट काही नाही. वेढा मी देईन, टोक ती खोचेल. पंच कुरकुरले तर त्यांना मी बघून घेईन. वेलजींना सांग, मान ताठ ठेवा, आवळून बांधणार आहे.
तुझा जेठाभाई