भाऊजी, घर अगदी डेसोलेट

आंजी (मोठी),
फेब्रुवारी १९५५

प्रिय साळेबाबू तानबाजी यांना बंडूजीचा रामराम. प्रमिलाबाई आणि तान्हं बाळ खुशाल असतील. बाळंतिणीच्या सोबतीला आलेली तुमची बहीणही खुशाल असणारच, माहेरी आहे. इकडे मी ठीक आहे, फक्त दोन्ही दंड सुजले आहेत आणि त्याला कारण तुम्ही आहात.

मागच्या रविवारी तुम्ही बहिणीची लुगडी न्यायला आलात, दारातूनच आत पाहिलंत, म्हणालात, "भाऊजी, घर अगदी डेसोलेट," आणि अर्थ न सांगता मोटार पकडलीत. (पुलगावच्या डेपोत कारकुनी लागल्यापासून तुम्हाला मराठीत सुस्कारासुद्धा टाकता येत नाही.) मला वाटलं, तारीफ केली. आदल्याच दिवशी मी झाडलोट केली होती. म्हणून दुकानात चारचौघांना ऐटीत सांगितलं की आपलं घर डेसोलेट आहे. त्यांत पोस्टातले नत्थूजी होते. ते गंभीर होऊन म्हणाले, "हा आयसोलेटचाच भाऊ. ज्याले देवी निघाल्या त्याले तसं वेगळं ठेवते." झालं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या शकुबाईने माझ्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. गिऱ्हाईक रस्त्यापलीकडून मीठ मागू लागलं. दुसऱ्या दिवशी लस टोचणारा देवी डॉक्टर हजर. मी त्याला शब्दाचा घोळ समजावून सांगत असतानाच त्याने एक दंड टोचला. मी आवाज चढवला, तेव्हा ताप डोक्यात गेला असं ठरवून दुसराही टोचला.

शेवटी पेन्शनीतले हेडमास्तर रूपरावजी यांना गाठलं. ते म्हणाले, "शब्द मुळात लॅटिन आहे. 'सोलस' म्हंजे एकटा. त्याच्या अगोदर 'डी' लागला का पुरता एकटा. सोडून दिलेला, ओसाड. गावाले लागते, घराले लागते."

मी विचारलं, "अन् माणसाले?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. "माणसाले तं पह्यले लागते," म्हणाले, आणि जेवूनच जा म्हणाले. मी नको म्हणणार होतो. भाजी दोनदा घेतली.

तर यापुढे माझ्या दारात मराठीत बोलत जावं. माझं घर ओसाड नाही. तुळस वाळली ती थंडीने. मांजर शकुबाईकडे राहायला गेलं ते त्याच्या स्वभावाने.

आपला वैतागलेला,
बंडूजी

ता. क. : टोचल्याचं तुमच्या बहिणीला सांगू नका. काळजीने लगेच निघून येईल.

ता. क. २ : सांगितलं तरी माझी हरकत नाही.

ता. क. ३ : ती कोणत्या मोटारीने निघते ते कळवा. नाही कळवलं तरी चालेल. सध्या मी स्टँडवर सगळ्याच मोटारींना जाऊन उभा राहतो.